पक्की मांड : थोरल्या बाजीरावांच्या घोडदौडीमागचे शरीर

तापीच्या उत्तर तीरावरील बुऱ्हाणपूर शहरात इतवारा, शनवारा अशी वारांच्या नावाची ठिकाणे आहेत. पुण्याच्या पेठा आणि म्हापशाचा शुक्रवारचा बाजार ज्यांच्या परिचयाचा आहे, त्यांना या नावांचे नवल वाटणार नाही. आज मध्य प्रदेशात मोडणारे हे शहर एके काळी खानदेशच्या फारुकी सुलतानांची राजधानी होते आणि पुढे मोगलांच्या दक्षिणेतील कारभाराचे प्रमुख ठाणे झाले. मुमताज महलचे निधन १६३१ मध्ये येथेच झाले. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १७३१ मध्ये, शहराभोवती विटांचा तट उभा राहिला. त्याला बुरूज होते, नऊ दरवाजे होते आणि आत सव्वा चौरस मैलाहून किंचित अधिक जागा सामावली होती.

या तटाच्या तीन-साडेतीन वर्षे आधी बुऱ्हाणपूरने एक धास्तीचा हिवाळा काढला होता. मराठ्यांचा पेशवा शहर लुटून जाळण्यासाठी निघाला आहे, अशी वार्ता चहूकडे पसरली होती. दख्खनचा मातब्बर सुभेदार निजामुल्मुल्क आसफजाह आपली फौज घेऊन शहराच्या रक्षणासाठी धावला. पेशवा मात्र बुऱ्हाणपूरला आलाच नाही. निजाम त्याची वाट पाहत असताना तो तापी ओलांडून गुजरातेत शिरला होता.

थोरल्या बाजीरावांच्या या चालीची वाखाणणी आजवर बुद्धिचातुर्य म्हणून झाली आणि ते योग्यच आहे. परंतु कोणतीही चाल प्रथम मनात सुचते आणि मग कोणाच्या तरी शरीराला ती पार पाडावी लागते. बाजीरावांची प्रत्येक मोहीम त्यांच्या आणि त्यांच्या स्वारांच्या खुब्यांवर, मांड्यांवर आणि पोटऱ्यांवर तोललेली होती. त्यांच्या चरित्राकडे या बाजूने पाहिले, तर त्यांच्या यशाचे एक कारण उलगडते आणि त्या यशाची मर्यादाही दिसते.

बाजीराव बल्लाळ यांचा जन्म १८ ऑगस्ट १७०० रोजी झाला. वडील बाळाजी विश्वनाथ हे मूळचे श्रीवर्धनच्या भट घराण्यातले. मातोश्री राधाबाई बर्वे घराण्यातल्या. कोकणातील या घराला घोडदळाची पिढीजात परंपरा नव्हती. बाळाजी विश्वनाथांची ख्याती मुत्सद्दी आणि कारभारी म्हणून होती. त्यांच्या थोरल्या मुलाचे बालपण मात्र वडिलांच्या स्वाऱ्यांमागून, छावण्यांमध्ये आणि घोड्याच्या पाठीवर गेले. १७१८-१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ सय्यद बंधूंच्या साहाय्यासाठी दिल्लीला गेले, तेव्हा हा तरुण त्यांच्याबरोबर होता. उत्तरेच्या वाटा, नद्यांचे उतार आणि दोन मुक्कामांमधील अंतरे त्याने त्या वेळी घोड्यावरूनच पाहिली. १७२० च्या एप्रिलमध्ये बाळाजी विश्वनाथ निवर्तले आणि १७ एप्रिल रोजी कराडजवळच्या मसूर येथे शाहू महाराजांनी बाजीरावांना पेशवाईची वस्त्रे दिली. त्या वेळी त्यांना वयाची वीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. त्याच वर्षी, त्यांच्याहून एकोणतीस वर्षांनी मोठ्या असलेल्या निजामुल्मुल्काने दक्षिणेची सत्ता बळकावली आणि बुऱ्हाणपूर हे आपल्या मुख्य ठाण्यांपैकी एक केले. पुढची वीस वर्षे हे दोघे एकमेकांसमोर उभे राहिले.

मराठीत चांगल्या स्वाराचे वर्णन त्याची मांड पक्की आहे, असे करतात. मांड ठोकणे म्हणजे घोड्यावर नीट बसणे. मांडी आणि मांड हे शब्द एकमेकांना किती जवळचे आहेत, हे सांगायला नको. घोडेस्वारीतील कौशल्य हातातल्या लगामापेक्षा मांडीत असते, हे या भाषेने फार पूर्वी ओळखले होते. शरीरशास्त्र याच गोष्टीचा तपशील सांगते.

खुब्याचा सांधा हा उखळीचा सांधा आहे. मांडीचे हाड हे माणसाच्या शरीरातील सर्वांत लांब हाड. त्याचे गोल डोके कटीच्या हाडातील खोलगट वाटीत बसते. त्यामुळे पाय पुढे, मागे, बाहेर, आत असा सर्व बाजूंना हलतो आणि स्वतःभोवती थोडा वळतोही. ही मोकळीक नसती, तर घोड्याच्या रुंद पाठीवर दोन्ही बाजूंना पाय टाकून बसणे शक्यच झाले नसते. मात्र ज्या सांध्याला मोकळीक अधिक, त्याला सांभाळणारे स्नायूही अधिक लागतात. खुब्याभोवती असे वीसहून अधिक स्नायू आहेत.

स्वारीत ज्यांची आठवण प्रथम होते, ते मांडीच्या आतल्या अंगाचे स्नायू. शरीरशास्त्रात त्यांना ॲडक्टर म्हणतात. दोन्ही मांड्या एकमेकींकडे ओढणे हे त्यांचे काम. पेक्टिनिअस, ॲडक्टर ब्रेव्हिस, ॲडक्टर लाँगस, ॲडक्टर मॅग्नस आणि ग्रॅसिलिस असे हे पाच आहेत. ते जांघेतील आणि बैठकीच्या हाडांपासून निघतात. पहिले चार मांडीच्या हाडाला मिळतात. पाचवा, बारीक पट्टीसारखा ग्रॅसिलिस, गुडघा ओलांडून नडगीच्या हाडाच्या वरच्या टोकाला आतून चिकटतो. घोडा बिचकला, अचानक वळला किंवा ओढा उडी मारून ओलांडू लागला, की हे स्नायू क्षणात आवळतात आणि स्वार पाठीवर टिकतो.

नवशिका स्वार येथेच चुकतो. पडण्याच्या भीतीने तो सतत मांड्या आवळून बसतो. स्नायू सतत आवळलेला राहिला, की त्याच्यातील रक्तवाहिन्या दाबल्या जातात. रक्त कमी पोहोचते आणि स्नायू लवकर थकतो. घटका-दोन घटकांत जांघेत पेटके येतात, पाय थरथरू लागतात आणि ज्या पकडीवर भरवसा ठेवला ती सुटते. शिवाय आवळलेल्या मांड्यांनी घोडाही बावरतो. तो वेग वाढवतो किंवा आडमुठेपणा करतो. दिवसभर चालायचे असेल, तर पकड केवळ गरजेच्या क्षणापुरती हवी आणि एरवी तोलावर बसता आले पाहिजे.

हा तोल सांभाळणारे स्नायू वेगळे आहेत. नितंबाचा सर्वांत मोठा स्नायू, ग्लुटिअस मॅक्सिमस, मांडी मागे नेतो आणि वाकलेले धड सरळ करतो. चढ चढताना, बैठक मारून उठताना, रिकिबीत उभे राहताना त्याचे बळ लागते. त्याच्या खाली दडलेले दोन लहान स्नायू, ग्लुटिअस मीडिअस आणि मिनिमस, कटीचे हाड एका बाजूला कलू देत नाहीत. आपण चालताना एक पाय उचलतो, तेव्हा कंबर त्या बाजूला कोसळत नाही ती यांच्यामुळे. घोड्याच्या प्रत्येक पावलागणिक त्याची पाठ डावी-उजवीकडे हलते. त्या हालचालीत स्वाराची कंबर सरळ ठेवण्यात या दोघांचा मोठा वाटा असतो. समोरच्या बाजूने कमरेच्या मणक्यांपासून आणि कटीच्या हाडाच्या आतल्या बाजूपासून निघून मांडीच्या हाडाला मिळणारा इलिओसोआस हा स्नायू धड आणि पाय यांना जोडतो. घोड्याच्या चालीचा धक्का कमरेत मुरवायचा की मस्तकापर्यंत जाऊ द्यायचा, हे बरेचसे त्याच्यावर अवलंबून असते.

मांडीच्या पुढच्या भागातील चार शिरांचा मोठा स्नायू, क्वाड्रिसेप्स, गुडघा सरळ करतो. रिकिबीवर भार टाकून किंचित उठायचे आणि भाला मारायचा, तेव्हा शरीर त्याच्यावर उभे असते. मागच्या बाजूचे तीन स्नायू, ज्यांना मिळून हॅमस्ट्रिंग म्हणतात, गुडघा वाकवतात आणि टाच घोड्याच्या बरगडीकडे नेतात. पोटरीतील गॅस्ट्रोक्नेमिअस आणि सोलिअस पाऊल सावरतात. यांपैकी सोलिअस हा मंद पण न थकणाऱ्या तंतूंनी भरलेला असतो. तासन्‌तास काम करणे हाच त्याचा स्वभाव आहे.

आणखी एका स्नायूचा उल्लेख केलाच पाहिजे. कमरेच्या बाहेरच्या टोकापासून मांडीवरून तिरका उतरत गुडघ्याच्या आतल्या बाजूला जाणारा सार्टोरिअस हा माणसाच्या शरीरातील सर्वांत लांब स्नायू. लॅटिन भाषेतील शिंप्याच्या नावावरून त्याचे नाव पडले, कारण युरोपातील शिंपी मांडी घालून शिवायला बसत. मांडी वाकवणे, ती बाहेर वळवणे आणि गुडघा दुमडणे ही तिन्ही कामे तो एकाच वेळी करतो. जमिनीवर मांडी घालून जेवणाऱ्या, उकिडवे बसणाऱ्या, बैठका मारणाऱ्या समाजात खुब्याचे सांधे लहानपणापासून मोकळे राहतात. मावळातला वा गंगथडीचा शेतकरी पोरगा घोड्यावर बसण्यापूर्वीच निम्मी तयारी घरातल्या ओसरीवर करून आलेला असे. उरलेली तयारी तालमीत आणि प्रत्यक्ष वाटचालीत होई.

बाजीरावांनी अशा पोरांवर भिस्त ठेवली. पेशवेपद मिळताच जुन्या सरदारांचा रोष पत्करून त्यांनी मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे, उदाजी पवार यांच्यासारखी नवी माणसे पुढे आणली. त्यांचे सैन्य मुख्यतः हलक्या घोडदळाचे होते. भीमेच्या खोऱ्यातील भीमथडी घोडी उंचीने बेताची, परंतु काटक आणि थोड्या चाऱ्यावर निभावणारी. स्वाराजवळ भाला, तलवार, ढाल आणि खोगिरापाशी बांधलेले थोडे धान्य. तंबू, जड तोफा, बाजारबुणगे आणि जनानखाना यांचा लवाजमा शक्य तितका मागे ठेवलेला. खोगिरात कोंबलेल्या निरुपयोगी भरणीवरून मराठीत खोगीरभरती हा शब्द आला. बाजीरावांच्या मोहिमांत या खोगीरभरतीला थारा नव्हता.

या सैन्याची कसोटी १७२७ च्या पावसाळ्यानंतर लागली. निजामाने कोल्हापूरच्या संभाजीराजांचा हक्क पुढे करून शाहू महाराजांची चौथाई अडवली होती. बाजीराव जालना परगण्यात शिरले. निजामाचा सरदार ऐवजखान याच्याशी चकमक झाली. परंतु तेथे अडकून न राहता ते पूर्वेकडे सरकले आणि मग एकदम उत्तरेला वळले. याच वेळी बुऱ्हाणपूर जाळण्याची हूल उठवली गेली. निजाम तोफखान्यासह तिकडे निघाला, तेव्हा बाजीराव खानदेशातून पश्चिमेला गेले आणि १७२८ च्या जानेवारीत कुकरमुंड्याजवळ तापी उतरून गुजरातेत पोहोचले.

फसवणूक लक्षात आल्यावर निजामाने पाठलाग सोडला आणि पुण्याचा रस्ता धरला. पुणे प्रांत त्याच्या हाती गेला. शाहू महाराजांना चिमाजी अप्पांसह पुरंदरचा आश्रय घ्यावा लागला. पुण्यात संभाजीराजांना छत्रपती म्हणून मिरवण्यात आले. सामान्य सेनापती अशा वेळी पुणे वाचवण्यासाठी धावत आला असता. बाजीराव पुण्याकडे फिरकलेच नाहीत. ते गुजरातेतून खानदेशात परतले आणि त्यांनी निजामाच्याच औरंगाबादेला धाक घातला. निजामाला पुणे सोडून आपली राजधानी सांभाळण्यासाठी माघारी निघावे लागले. गोदावरी ओलांडून वेगाने जाता यावे म्हणून त्याने जड तोफा मागे ठेवल्या. ज्या तोफखान्यावर त्याचे सामर्थ्य उभे होते, तो त्याच्यापासून दूर झाला. फेब्रुवारी १७२८ अखेर वैजापूरजवळ पालखेडच्या परिसरात मराठ्यांच्या घोडदळाने त्याला चारही बाजूंनी कोंडले. पाणी तुटले, रसद तुटली. मोठी लढाई न होताच निजाम तहाला आला आणि ६ मार्च रोजी मुंगी-शेवगावचा तह झाला. शाहू महाराजांचे चौथाई-सरदेशमुखीचे हक्क मान्य झाले आणि संभाजीराजांना दिलेला पाठिंबा निजामाला काढून घ्यावा लागला.

ब्रिटिश सेनापती माँटगोमेरी यांच्या १९६८ मधील युद्धेतिहासाच्या ग्रंथात या मोहिमेचा गौरव आहे. परंतु नकाशावरील बाणांमध्ये एक गोष्ट दिसत नाही. कुकरमुंड्यापासून पालखेडपर्यंत प्रत्येक कोस कोणीतरी खोगिरावर बसून काटला होता. सकाळी मांड ठोकली की ती दुपारच्या पाण्यापर्यंत सुटायची नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मागे मांड्या सोलवटलेल्या आणि पुढे नदीचा उतार. घोड्याचे बळ त्याच्या पुठ्ठ्यात असते. तेथील मोठे स्नायू माणसाच्या नितंबाच्या स्नायूंचेच भाऊबंद आहेत आणि घोड्याला पुढे ढकलणारी शक्ती मागच्या पायांतून येते. तोल न सांभाळणाऱ्या स्वाराचे ओझे त्या पाठीवर आपटत राहिले, की घोडा लंगडतो आणि स्वार पायउतार होतो. पक्की मांड म्हणूनच स्वाराच्या दिमाखापेक्षा घोड्याच्या आयुष्यासाठी अधिक महत्त्वाची होती. हजारो स्वारांपैकी बहुतेकांची मांड अशी नसती, तर निजामाच्या आधी सैन्यच थकून गेले असते.

बाजीरावांविषयी एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. या शत्रूचे रूप पाहावे म्हणून निजामाने एका चित्रकाराला पाठवले आणि बाजीराव ज्या स्थितीत प्रथम दिसतील, त्या स्थितीत त्यांचे चित्र काढण्यास सांगितले. चित्रात पेशवा घोड्यावर होता. लगाम घोड्याच्या मानेवर सैल टाकलेला, भाला खांद्याला टेकवलेला आणि दोन्ही तळव्यांत कणसे चोळून तो दाणे तोंडात टाकत चाललेला. हे चित्र पाहून निजाम चिंतेत पडला, असे सांगतात. आख्यायिका खरी असो वा नसो, तिच्यातील निरीक्षण मात्र बिनचूक आहे. साध्या शिपायाचे अन्न खाणारा सेनापती हा तिचा एक अर्थ सर्वांना दिसतो. दुसरा अर्थ घोडा जाणणाऱ्यालाच कळतो. ज्याचे दोन्ही हात मोकळे आहेत आणि तरीही घोडा वाटेवर सरळ चालतो आहे, तो केवळ खुबा, मांडी आणि पोटरी यांच्या बळावर बसलेला आहे. त्याला लगाम आवळावा लागत नाही, कारण घोड्याला त्याची मांड कळते.

पालखेडनंतरची दहा वर्षे या घोड्याने विश्रांती घेतली नाही. १७२८ च्या नोव्हेंबरमध्ये चिमाजी अप्पांनी अमझेऱ्याला माळव्याच्या मोगल सुभेदाराचा पराभव केला. १७२९ च्या मार्चमध्ये बाजीराव स्वतः बुंदेलखंडात उतरले. वृद्ध छत्रसालांना महंमदखान बंगशाच्या वेढ्यातून त्यांनी सोडवले. त्या उपकाराच्या बदल्यात मिळालेल्या प्रदेशाबरोबर मस्तानीही त्यांच्या आयुष्यात आली. १७३१ च्या एप्रिलमध्ये गुजरातेत डभईजवळ त्यांना स्वकीय सेनापती त्र्यंबकराव दाभाडे यांच्याशी लढावे लागले. दाभाडे रणात पडले. १७३० मध्ये पाया घातलेला शनिवारवाडा १७३२ मध्ये उभा राहिला, पण त्याच्या धन्याला तेथे सलग वास्तव्य फारसे लाभले नाही.

१७३७ चे दिल्लीचे प्रकरण तर सर्वांत विलक्षण. मल्हारराव होळकरांचा सादतखानाने दुआबात पराभव केला आणि मराठ्यांना चंबळेपलीकडे हाकलल्याची बढाई बादशहाला कळवली. बाजीरावांनी मोगल सरदारांच्या फौजा बाजूला टाकून मेवातच्या अंगाने दिल्ली गाठली. दहा दिवसांची वाट दोन दिवसांत काटल्याचा हिशेब त्यांच्याच पत्रातून आला आहे. मार्चअखेर मराठ्यांची घोडी तालकटोऱ्याजवळ दिसताच राजधानी हादरली. शहराबाहेर आलेल्या बादशाही तुकडीचा पाडाव झाला. बाजीरावांनी शहर लुटले नाही. आपण जिवंत आहोत आणि कोठेही पोहोचू शकतो, एवढे दाखवून ते परत फिरले. त्याच वर्षाच्या अखेरीस निजाम पुन्हा मोठा तोफखाना घेऊन उत्तरेत आला आणि भोपाळला पुन्हा कोंडला गेला. १७३८ च्या जानेवारीत दोराहासराई येथे त्याला माळव्यावर आणि नर्मदा ते चंबळ यांमधील प्रदेशावर पाणी सोडावे लागले.

परंतु भोपाळनेच या सामर्थ्याची मर्यादाही दाखवली. निजाम भोपाळच्या तटाआड बसला, तेव्हा तट पाडण्याजोग्या जड तोफा बाजीरावांजवळ नव्हत्या. त्यांना त्याची रसद तोडता आली. त्याला धरता आले नाही. घोडदळ मोकळ्या माळावर राजा असते, भिंतीसमोर मात्र ते थांबते. जंजिऱ्याच्या सिद्दीविरुद्ध १७३३ मध्ये हाच अनुभव आला होता. समुद्राने वेढलेल्या किल्ल्यावर मांड ठोकून चढता येत नाही. बुऱ्हाणपूरभोवती १७३१ मध्ये उभा राहिलेला तट या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. ज्या शत्रूचे बळ वेगात आहे, त्याला अडवायचे तर हलू न शकणारी विटांची भिंतच उपयोगी पडते.

गोमंतकीयांना हा धडा आपल्या भूमीतूनही परिचित आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पा वसईच्या कोटाला भिडले असताना गोव्यातून तिकडे मदत जाऊ नये म्हणून बाजीरावांचे मेहुणे, इचलकरंजीचे व्यंकटराव घोरपडे, गोव्यातील साष्टीत शिरले. मडगाव त्यांच्या हाती आले आणि राशोलच्या कोटाला वेढा पडला. साष्टीची शेते आणि खाजने यांतून घोडी धावली. परंतु नदीपाण्याने वेढलेल्या तिसवाडीतील राजधानीपर्यंत ती पोहोचली नाहीत. वसई पडली ती घोडदळाने नव्हे. महिनोन्‌महिने चर खणून, सुरुंग लावून आणि तटाच्या भगदाडांत पायदळ घालून चिमाजी अप्पांनी ती १७३९ च्या मे महिन्यात घेतली. एका भावाचे युद्ध खोगिरावर चालले आणि दुसऱ्याचे चिखलात उभे राहून. पेशवाईला दोन्हींची गरज होती.

शरीराने याची किंमत मोजलीच असेल. सतत घोड्यावर असणाऱ्यांच्या जांघेतील ॲडक्टर स्नायूंना ताण पडून ते फाटणे ही इतकी नेहमीची दुखापत आहे की पाश्चात्त्य वैद्यकात तिला स्वाराच्याच नावाने ओळखतात. युरोपातील लष्करी वैद्यांना घोडदळातील जुन्या शिपायांच्या मांडीच्या कंडऱ्यांमध्ये हाडासारखी कठीण गाठ आढळे; वर्षानुवर्षांच्या घर्षणाने आणि ताणाने कंडराच तेथे हाडाचे रूप घेई. उत्खननात सापडलेल्या सांगाड्यांच्या खुब्याच्या वाटीवरून आणि मांडीच्या हाडावरून तो माणूस स्वार होता की नाही, याचे अनुमान अभ्यासक बांधतात. नाव मागे न ठेवता गेलेल्या मराठी स्वारांच्या वेदनांची नोंद कोणत्याही बखरीत नाही. त्यांच्या चितेबरोबर ती साक्षही गेली.

बाजीरावांच्या आयुष्याची अखेर घरच्या कलहाने झाकोळली. मस्तानीचा स्वीकार कुटुंबाने आणि पुण्याच्या कर्मठ समाजाने केला नाही. १७४० च्या प्रारंभी ते निजामाचा मुलगा नासिरजंग याच्याशी गोदावरीच्या काठी लढत असताना पुण्यात मस्तानी नजरकैदेत होती. फेब्रुवारीअखेरच्या मुंगी-पैठणच्या तहाने त्यांना हांडिया आणि खरगोण ही नर्मदेकाठची सरकारे मिळाली. त्यांचा ताबा घेण्यासाठी ते ऐन उन्हाळ्यात उत्तरेकडे गेले. नर्मदेच्या दक्षिण तीरावर रावेरखेडी येथे त्यांना तापाने गाठले. पत्नी काशीबाई आणि धाकटा मुलगा जनार्दन जवळ होते. २८ एप्रिल १७४० रोजी त्यांचे निधन झाले. चाळिसावे वर्ष पूर्ण होण्यास अद्याप काही महिने होते. त्यानंतर थोड्याच काळात मस्तानीही गेली आणि वर्षअखेरीस चिमाजी अप्पाही.

वीस वर्षे ज्याच्याशी झुंज दिली तो निजाम पुढे आठ वर्षे जगला आणि १७४८ मध्ये बुऱ्हाणपूर येथेच मरण पावला. तोपर्यंत पेशव्यांचे सैन्य बदलू लागले होते. तोफखाना वाढला, कवायती पायदळ आले. ती काळाची गरज होती. पण तंबू, बाजार, यात्रेकरू आणि कुटुंबे यांचाही भार वाढत गेला. १७६१ मध्ये पानिपतावर जी छावणी कोंडली गेली, तिच्याजवळ मोठ्या तोफा होत्या आणि हजारो बिनलढाऊ माणसेही होती. पालखेडला जे निजामाचे झाले, तेच तेथे मराठ्यांचे झाले: रसद तुटली. बाजीराव आणि मस्तानी यांचा मुलगा समशेर बहादूर त्याच युद्धात जखमी होऊन मरण पावला.

रावेरखेडीला नर्मदेच्या काठी बाजीरावांची समाधी आहे. आज खरगोण जिल्ह्यात मोडणारे हे स्थळ बुऱ्हाणपूरहून फार दूर नाही. इतवाऱ्याच्या वाटेने तेथे जाणाऱ्या मराठी प्रवाशाने मधल्या सातपुड्याच्या घाटाकडे जरा लक्ष द्यावे. मोटारीतून हा चढ चटकन सरतो. अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वी तो घोड्याच्या पुठ्ठ्याने आणि स्वाराच्या मांडीने चढला जात असे, आणि त्या चढउतारांवर तोल न सोडणाऱ्या माणसांनीच मराठी राज्य नर्मदेपलीकडे नेले.